नादाची जात आणि रेडिओचा कारागीर

नादाचे तीन गुण आपल्या संगीतशास्त्राच्या पहिल्याच पाठांत सांगितलेले असतात: त्याचा उच्चनीचपणा, त्याचा लहानमोठेपणा आणि त्याची जात. पैकीं पहिल्या दोहोंविषयीं बोलणें सोपें आहे. षड्जाहून पंचम उंच, आणि हलक्या हातानें छेडलेली तार लहान आवाजाची, हें लहान मुलासही उमगतें. परंतु एकाच उंचीचा व एकाच जोराचा स्वर सतारीवर, सनईवर आणि मनुष्याच्या गळ्यांत निरनिराळा कां लागतो, हा प्रश्न जातीचा आहे. आणि वाद्यांच्या इतिहासाचा फार मोठा भाग या जातीला वळण लावण्याच्या धडपडीनेंच व्यापलेला आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर सुताचा धागा केसभर पुढें किंवा मागें सरकवून जवारी साधणारा मिरजेचा कारागीर हा या धडपडीचा आपल्या परिचयाचा प्रतिनिधि होय. आज आम्हांस त्याच धडपडीच्या एका परक्या आणि अर्वाचीन प्रकरणाची हकीकत सांगावयाची आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत जी विजेची गिटार सिद्ध झाली, तिच्या पोटांत एक लहानसा कंडेन्सर, एक फिरतें बटण आणि एक खटका यांची जी जोडणी करण्यांत आली, तिचा हा इतिहास आहे.

विषय क्षुद्र आहे असें प्रथमदर्शनीं कोणास वाटल्यास त्यांत नवल नाहीं. राजवटी उलथून पडल्याचे इतिहास आपण वाचतों. त्यांच्यापुढें चार तारांना डाख दिल्याची कथा ती काय! परंतु या चार तारांभोंवतीं एक वाद गुंतलेला आहे, आणि तो आपल्याकडेही अनेकदां ऐकूं येतो. विजेचें वाद्य हें वाद्यच नव्हे, तें यंत्र आहे; त्यांत जें कांहीं मधुर लागतें तें यंत्राचें, वादकाचें त्यांत कांहीं उरत नाहीं, असा एक पक्ष आहे. या पक्षाचें म्हणणें खरें कीं खोटें हें ठरवावयाचें तर अगदीं साधें उदाहरण घेणें बरें. ज्या गिटारीला एकच ‘पिकअप’, म्हणजे तारांचें कंपन टिपणारें एकच अवयव आहे, तिच्याहून साधें विजेचें तंतुवाद्य सांपडणें कठीण. अशा वाद्यांत यंत्राचा वांटा किती आणि माणसाचा किती, याचा हिशेब मांडणें शक्य आहे.

प्रथम, गिटारीला विजेची गरजच कां भासली हें पाहूं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत अमेरिकेंतील नृत्यगृहांत मोठमोठीं वाद्यवृंदें वाजूं लागलीं. कर्णे, तुताऱ्या, सॅक्सोफोन आणि नगारे यांच्या घोषांत गिटारीचा आवाज पार बुडून जाई. तिच्या पोटांत पत्र्याचे शंकु बसवून आवाज वाढविण्याचा प्रयत्न लॉस एंजेलिस येथील ‘नॅशनल’ कंपनीनें १९२७ च्या सुमारास केला व त्यास बरेंच यश आलें. पण पत्र्याचें बळ तें किती असणार! याच कंपनीशीं संबंध असलेला जॉर्ज बीचम हा स्वतः हवाई पद्धतीची गिटार वाजवीत असे. त्यानें अडॉल्फ रिकनबॅकर याच्या साहाय्यानें निराळीच वाट धरली. १९३१ सालीं तयार होऊन १९३२ सालीं विक्रीस आलेलें त्यांचें वाद्य ॲल्युमिनियमचें ओतीव होतें, आणि लांब दांड्याच्या तव्यासारखें दिसत असल्यामुळें लोकांनीं त्याचें नांवच ‘तळणीचा तवा’ असें ठेविलें. पोकळ पोटाची त्याला आवश्यकता नव्हती; कारण आवाज लांकडांतून नव्हे तर विजेंतून मोठा व्हावयाचा होता. या शोधाच्या पेटंटासाठीं बीचमनें १९३४ सालीं अर्ज केला आणि तें मिळावयास १९३७ साल उजाडलें.

या पिकअपची रचना समजण्यास अवघड नाहीं. एक लोहचुंबक घ्यावा. त्याच्याभोंवतीं किंवा त्याच्यालगत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे कांहीं हजार वेढे द्यावे. आणि हें वेटोळें पोलादी तारांच्या निकट बसवावें. तार हलली कीं चुंबकीय क्षेत्र हलतें, क्षेत्र हललें कीं वेटोळ्यांत क्षीण असा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो ॲम्प्लिफायरनें वाढविला कीं कर्ण्यांतून स्वर बाहेर पडतो. मात्र तार कधींही एकाच प्रकारें हलत नाहीं. सबंध तार हलते, त्याच वेळीं तिचे दोन अर्ध, तीन तृतीयांश, चार चतुर्थांश हेही आपापल्यापरी हलत असतात. त्यांतून निघणाऱ्या सूक्ष्म स्वरांना आपण स्वयंभू स्वर म्हणतों. नादाची जात ठरते ती मुख्यतः या स्वयंभू स्वरांच्या प्रमाणावरून. आतां पिकअप घोडीच्या अगदीं जवळ बसविला तर तेथें सबंध तारेचें आंदोलन फार थोडें असतें. तुलनेनें तीव्र स्वयंभू स्वरांचा भरणा अधिक होतो, आणि आवाज धारदार, क्वचित् कर्कशही लागतो. तोच पिकअप मानेकडे नेला तर आवाज भरदार व मऊ होतो. ज्या गिटारीला पिकअप एकच आणि तोही घोडीपाशीं, तिची जात अशा रीतीनें जन्मतःच ठरून गेलेली असते. तिला दुसरी जात द्यावयाची कशी, हाच कारागिरापुढील प्रश्न होता.

या प्रश्नाचें उत्तर संगीताच्या क्षेत्रांत सांपडलें नाहीं; तें रेडिओच्या दुकानांत अगोदरच तयार होऊन पडलेलें होतें. वाल्व्हचे रेडिओ जेव्हां घरोघर होते, तेव्हां त्यांवर आवाजाच्या बटणाशेजारीं ‘टोन’ असें लिहिलेलें एक बटण बहुधा असे, हें अनेक वाचकांना स्मरत असेल. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकन रेडिओंवर तें सर्रास दिसूं लागलें. त्याचें प्रयोजन कलेचें नव्हतें, सोयीचें होतें. दूरच्या केंद्राचा कार्यक्रम ऐकतांना जी खरखर व शीळ ऐकूं येते, तिचा मोठा भाग तीव्र कंपनांचा असतो. तीं कंपनें छाटून टाकलीं कीं गायन थोडें मंद लागलें तरी कानांस सुख वाटतें. ही छाटणी करण्याची युक्ति अशी: कंडेन्सरांतून तीव्र कंपनांचा प्रवाह सहज पार होतो, मंद्र कंपनांचा होत नाहीं. पाण्याच्या पाटाला बाजूनें एक मोरी काढावी आणि तिच्या तोंडाशीं अशी चाळण बसवावी कीं बारीक वाळू तेवढी मोरींतून वाहून जाईल व खडे पाटांतच राहतील, तशांतला हा प्रकार आहे. कंडेन्सर ही चाळण. आणि मोरी किती उघडी ठेवावयाची हें ठरविणारी फळी म्हणजे तें फिरतें बटण, ज्याला पोटेन्शियोमीटर हें भारदस्त नांव आहे.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभें आहे. ही जोडणी नादांत नवें असें कांहींही घालीत नाहीं. ‘टोन’चें बटण एका बाजूस फिरविलें असतां स्वर मऊ होतो व दुसऱ्या बाजूस फिरविलें असतां तेजस्वी होतो, त्यामुळें एकीकडे माधुर्य व दुसरीकडे तेज भरलेलें आहे असा भास होतो. वस्तुतः तेज हें तारेचें व हाताचें आहे. बटणाच्या हातीं आहे तें केवळ वगळणें. जें तारेंत मुळांतच नाहीं तें त्याला आणतां येत नाहीं.

गिटारीवर ही योजना प्रतिष्ठेला चढली ती १९३६ सालीं. त्या वर्षीं गिब्सन कंपनीनें ‘ईएस-१५०’ ही गिटार काढली. तिला मानेच्या बाजूस एकच पिकअप, आवाजाचें एक बटण व टोनचें एक बटण एवढाच सरंजाम होता. ओक्लाहोमांत वाढलेल्या चार्ली ख्रिश्चन या निग्रो तरुणानें ती हातीं घेतली आणि १९३९ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, तो बेनी गुडमनच्या सुप्रसिद्ध वृंदांत दाखल झाला. तोंपर्यंत वृंदांतील गिटार ही ताल धरण्यापुरती होती. ख्रिश्चननें तिच्यावर सॅक्सोफोनप्रमाणें लांब, एकेरी स्वरांच्या आलापी वाजवून दाखविल्या. १९४२ सालीं क्षयानें त्याचा अंत झाला, तेव्हां तो पंचवीस वर्षांचा होता. त्याच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकावयास मिळतात. त्याच्यानंतरच्या जॅझ वादकांपैकीं कित्येकांनीं टोनचें बटण वळवून तीव्र स्वर दाबले, आणि तो भरदार, किंचित् झांकलेला आवाज हीच जॅझ गिटारीची ओळख होऊन बसली. रेडिओची खरखर दडविण्यासाठीं निघालेली युक्ति अशा रीतीनें एका संगीतशैलीची खूण बनली.

आतां आपण या कथेच्या मुख्य पुरुषाकडे वळूं. लिओ फेंडर याचा जन्म १९०९ सालीं कॅलिफोर्निया प्रांतांत झाला. लहानपणींच त्याचा एक डोळा गेला. शिक्षण त्यानें हिशेबनिसाचें घेतलें. विजेची विद्या त्यानें स्वतःच खटपट करून मिळविली. मंदीच्या काळांत नोकरी गेल्यावर १९३८ सालीं त्यानें फुलर्टन या गांवीं रेडिओ-दुरुस्तीचें दुकान थाटलें. आसपासच्या गांवांतील वादक आपले ॲम्प्लिफायर दुरुस्तीस आणीत. त्यांच्या तक्रारी ऐकत ऐकत तो वाद्यांकडे वळला. सर्वांत चमत्कारिक गोष्ट ही कीं, ज्याच्या गिटारी पुढें जगभर गाजल्या त्या या गृहस्थाला गिटार वाजवितां येत नव्हती. नवें वाद्य तयार झालें कीं तो तें एखाद्या वादकाच्या हातीं देई व त्याचें मत घेई. वाद्याकडे तो पाही तें रेडिओच्या कारागिराच्या दृष्टीनें: प्रत्येक भाग सुटा व्हावा, बिघडलेला भाग काढून दुसरा बसवितां यावा, आणि जोडणी अशी असावी कीं पुन्हां उघडून डाख देतां यावा. पुढें वादकांनीं त्याच्या वाद्यांत जे फेरफार केले, त्यांचें बीज या दुरुस्तीच्या दृष्टींतच होतें.

१९५० सालीं फेंडरनें ‘एस्क्वायर’ ही गिटार बाजारांत आणली. भरीव लांकडाची फळी, तिला बोल्टांनीं जोडलेली मान, आणि घोडीपाशीं तिरपा बसविलेला एक पिकअप, असें तिचें रूप होतें. त्याच वर्षीं तिची दोन पिकअपांची बहीणही निघाली. तिचें नांव ‘ब्रॉडकास्टर’. पण त्या नांवावर ढोल बनविणाऱ्या ग्रेच कंपनीनें आक्षेप घेतल्यामुळें १९५१ सालीं तें ‘टेलिकास्टर’ असें करण्यांत आलें, व त्याच नांवानें ती अमर झाली. दोघींचें शरीर जवळजवळ एकच. एस्क्वायरच्या आवरणपट्टीखालीं दुसऱ्या पिकअपसाठीं कोरलेली खोबणही असे. ती रिकामी राही, इतकेंच. आणि तीन ठिकाणीं वळणारा जो खटका दोन पिकअपांमधून निवड करण्यासाठीं योजिलेला, तोही एस्क्वायरवर तसाच होता. ज्या वाद्याला कंठ एकच, त्याला निवड करणारा खटका कशाला, असा प्रश्न येथें कोणीही विचारील.

या प्रश्नाचें उत्तर हेंच फेंडरच्या बुद्धीचें खरें प्रमाण होय. पिकअप बदलतां येत नसेल तर वाट बदलावी, असें त्यानें ठरविलें. पन्नासाच्या दशकांत या गिटारीची जी जोडणी रूढ झाली, तींत खटका मधल्या ठिकाणीं असतां पिकअपचा प्रवाह नेहमींप्रमाणें आवाजाच्या व टोनच्या बटणांतून जाई. खटका मानेकडे सारला कीं टोनचें बटण निरुपयोगी होई, व प्रवाहाच्या वाटेवर एक ठराविक कंडेन्सरांची जोडणी येई. तिच्यामुळें तीव्र स्वर जवळजवळ सर्व गळून जात व मंद्राचा गंभीर, मुका घोष तेवढा उरे. खटका घोडीकडे ओढला कीं टोनचें बटण वाटेंतून पार बाहेर पडे, आणि प्रवाह फक्त आवाजाच्या बटणांतून थेट पुढें जाई.

या तिसऱ्या ठिकाणाचें मर्म वरवर पाहणाऱ्याच्या ध्यानीं येत नाहीं. टोनचें बटण पूर्ण तेजाच्या बाजूस फिरविलें तरी तें वाटेंतच असतें. मोरीची फळी पडलेली असली तरी तिच्या फटींतून थोडें पाणी झिरपतेंच. फेंडरच्या बटणांचा रोध अडीच लक्ष ओहम इतका मोठा असे, तरीही त्यांतून तीव्र स्वरांचा लहानसा अंश निसटून जाई. खटका घोडीकडे ओढला म्हणजे ही फटही बुजे, आणि तार जशी वाजली तशी, जवळजवळ कांहीं न गमावतां, ऐकूं येई. फरक थोडा असतो. पण ज्याचे कान तयार आहेत त्यास तो कळतो, आणि पुष्कळ वादकांना तोच हवा असतो. कारागिरानें आपल्याच योजनेला वगळण्याची सोय आपल्याच योजनेंत करून ठेवावी, हें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें.

तथापि कारागिराचा हेतु आणि वादकाची गरज हीं नेहमींच जुळतात असें नाहीं. मानेकडचें तें गंभीर ठिकाण फेंडरनें मोठ्या अपेक्षेनें योजिलें होतें: लहानशा वृंदांत वेगळा मंद्रवादक नसेल तर गिटारवाल्यानेंच खटका वळवून मंद्राचें काम भागवावें, असा त्याचा विचार होता. टेलिकास्टरवरही १९५२ पासून त्यानें याच धर्तीची योजना ठेविली. परंतु १९५१ सालीं त्यानेंच चार तारांची विजेची मंद्र-गिटार, म्हणजे ‘प्रिसिजन बेस’, बाजारांत आणली होती. तेव्हां जें काम खटक्याकडे सोंपविलें होतें त्यासाठीं स्वतंत्र वाद्यच उपलब्ध झालें. वादकांना तो मुका आवाज फारसा रुचला नाहीं. त्यांना घोडीजवळची धारच हवी होती. कित्येकांनीं पट्टी उघडली, डाख सोडविला, आणि जोडणी आपल्या मनाप्रमाणें करून घेतली. १९६५ सालीं फेंडरनें आपला धंदा सीबीएस कंपनीस विकला. १९६७ सालीं टेलिकास्टरची ती जुनी जोडणी बदलण्यांत येऊन मधल्या ठिकाणीं दोन्ही पिकअप एकत्र वाजण्याची सोय झाली, आणि १९६९ सालीं एस्क्वायरचें उत्पादन थांबलें. तिचें पुनरुज्जीवन पुढें झालें. आजही हौशी कारागीर त्या गंभीर ठिकाणचा मोठा कंडेन्सर काढून तेथें लहान कंडेन्सर बसवितात, म्हणजे तीव्र स्वर पुरते बुडत नाहींत, केवळ नमतात. लिओ फेंडर १९९१ सालीं वारला. त्याच्या चार तारांवरचा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

या वाद्यावर वादकांनीं काय केलें, याचीं दोन उदाहरणें आमच्या मूळ प्रश्नाला उपयोगी पडतील. १९५५ पासून मेम्फिस येथें जॉनी कॅश या गायकाच्या साथीस ल्यूथर पर्किन्स एस्क्वायर वाजवीत असे. त्याच्या वादनांत करामत अशी नाहींच. मंद्र तारांवरील एक धांवता ठेका तो अखंड चालवी. पण उजव्या हाताचा तळवा तो घोडीपाशीं तारांवर हलकेच टेंकून ठेवी, त्यामुळें प्रत्येक स्वर क्षणांत मिटे व त्याची धार बोथट होई. म्हणजे कंडेन्सर जें काम विजेनें करतो, त्याच जातीचें काम त्याचा तळवा हाडामांसानें करीत होता. दुसरें उदाहरण इंग्लंडांतील जेफ बेक याचें. ‘यार्डबर्ड्स’ या वृंदांत असतांना त्याच्या हातीं १९५४ सालची एक एस्क्वायर असे. १९६५ सालीं या वृंदाच्या एका गाण्यासाठीं सतारिया बोलाविला होता. परंतु इतर वाद्यांच्या गर्दींत सतारीचा आवाज हवा तसा उठून येईना. तेव्हां तीच सुरावट बेकनें गिटारीवर, आवाज मुद्दाम फाटका करणारें एक उपकरण मध्यें घालून, वाजविली. आणि तें गाणें तसेंच लोकप्रिय झालें. सतारीची जवारी त्याला साधली असें आम्ही म्हणणार नाहीं. पण तारेंतून स्वयंभू स्वर उठवावे कसे, ही जी आपल्या कारागिरांची पिढीजाद चिंता, तीच तेथें निराळ्या साधनांनीं वावरत होती.

आतां आरंभीच्या वादाचा निकाल काय लागतो तें पाहूं. विजेच्या वाद्यांत यंत्राचा वांटा आहे हें उघड आहे. आवाज मोठा करणें हें काम त्याचेंच. पण नादाची जात ठरविण्याच्या कामीं या जोडणीचा अधिकार, आपण पाहिलें त्याप्रमाणें, वगळण्यापुरताच आहे. तारेवर नखी कोठें मारावी, किती जोरानें मारावी, तळवा टेंकावा कीं उचलावा, यावरून जें उत्पन्न होतें त्यांतूनच बटणाला निवड करावयाची असते. आणि तें बटण किती फिरवावें किंवा मुळींच वाटेंत ठेवूं नये, हेंही शेवटीं कोणाचा तरी कानच सांगतो. जवारीचा धागा सरकविणारा हात आणि टोनचें बटण फिरविणारा हात यांत साधनाचा भेद आहे. विवेकाचा भेद आम्हांस दिसत नाहीं. ज्या वादकाला वगळावें काय हें कळत नाहीं, त्याला तीन ठिकाणांचा खटका तारूं शकत नाहीं. आणि ज्याला कळतें, त्याला एका पिकअपची गिटारही पुरून उरते.

इतिहास लिहिणारांच्या दृष्टीनेंही या प्रकरणांत घेण्यासारखें कांहीं आहे. संगीताचा इतिहास म्हणजे गायक-वादकांचा व रचनाकारांचा इतिहास, अशी आपली समजूत असते, आणि वाद्यें घडविणारांचीं नांवें एखाद्या तळटीपेंत जातात. येथें तर ज्याला वाद्य वाजवितां येत नव्हतें अशा रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्या माणसानें एका शतकार्धाच्या संगीताचा नाद घडविला. आणि ज्यांना विजेचें शास्त्र ठाऊक नव्हतें अशा वादकांनीं त्याची जोडणी उघडून ती सुधारली. एकाला स्वर वाजवितां येत नव्हता, दुसऱ्याला प्रवाह समजत नव्हता, तरी दोघांनीं एकमेकांचें ऐकलें. आपल्याकडे तंतकार आणि गवई यांच्यांत असा संवाद पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. परंतु त्याची नोंद फारशी झालेली नाहीं. ती करावयास कोणी अभ्यासू तरुण पुढें येईल तर मिरजेच्या एकेका घराण्यांत त्याला ग्रंथभर मजकूर मिळेल, अशी आमची खात्री आहे.